तिसऱ्या प्रकाराची सिद्धता

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

जगन्नाथ सरांनी डायरी लिहायला सांगितली आहे. प्रयोगाच्या काळात काय काय घडलं ते टिपून ठेवलं की प्रबंधात कामी येतं म्हणे. सर माझे गाईड. सात वर्षांत त्यांनी सांगितलेली आणि मी त्याच दिवशी ऐकलेली ही पहिली गोष्ट. रोज लिहिणं होणार नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

सकाळी जालन्याहून गाडी काढली आणि भोकरदनला चहा घेऊन धावड्याला पोचलो. पुष्पाआत्या आणि तिच्या सहा जणी शेडनेटच्या जाळीखाली मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट करतात. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिचे नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. याला इथं क्रॉसिंग म्हणतात. सगळं काम बायांचं, आणि बियाण्याच्या कंपनीशी करार मात्र घरातल्या पुरुषांच्या नावे. या सात जणींनी ठरवलंय की पुढच्या हंगामाचे करार आपल्या नावे मागायचे, नाही केले तर एकीनंही चिमटा हातात धरायचा नाही. सगळ्या जणी पक्क्या होईपर्यंत ही गोष्ट वसंताच्या कानावर जायला नको. वसंता म्हणजे कंपनीचा इथला ऑर्गनायझर, बियाणं देणं-घेणं सगळं त्याच्यामार्फत.

त्यांना गुपचूप बोलायला जागा हवी होती आणि मला गुपचूप बोलणारी माणसं. माझा प्रबंध त्यावरच आहे: गटातल्या सगळ्यांनी मिळून एक गुप्त किल्ली कशी बनवायची. मी केलेल्या ॲपमधून प्रत्येकीचा फोन स्वतःची एक संख्या निवडतो आणि ती कुणालाही सांगत नाही. सगळ्यांच्या संख्या एकमेकींत अशा मिसळतात की शेवटी प्रत्येकीच्या हाती एकच किल्ली येते. निरोप तिनंच बंद होतात, तिनंच उघडतात. मध्ये कान लावून बसलेल्याला काही हाती लागत नाही.

हे मी वीस मिनिटं सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हंजी सात जणींचं वाटण. ज्येनं त्येनं आपली चिमूट टाकायची. कुनी काय टाकलं ते दिसत न्हाई, पन चव सगळ्यांची एकच."

सात वर्षांत मला इतकं नीट सांगता आलेलं नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

एक अडचण, आणि ती सुटलीसुद्धा.

गटातून कुणी गेलं की किल्ली बदलावी लागते, नाहीतर गेलेलं माणूस पुढचंही वाचेल. म्हणून एक फोन, आपल्याकडे आत्याचा, आपली चिमूट बदलतो. कुणी नवीन आलं तरी तेच, नाहीतर आलेलं माणूस मागचं वाचेल. आत्याच्या फोननं आधी आपली चिमूट बदलायची, मग ते वाटण नव्या बाईच्या हाती द्यायचं, तिनं आपली घालायची.

कागदावर हे देखणं आहे. धावड्यात रेंज नसते. आज चाचणीला एकीला काढून परत घेतलं, तर परत घ्यायलाच पावणेदोन मिनिटं गेली. तेवढ्यात गटातल्या रमाबाई फोन ठेवून चहा टाकायला उठल्या.

तेव्हा एक सवलत काढली. आत्याची चिमूट वीस दिवसांच्या आत बदललेली असेल, तर कुणी आल्यावर परत बदलायची नाही. ताजीच तर असते. आता चार सेकंद लागतात. पेपरच्या सिद्धतेत तीन प्रकार होते: कुणी जाणं, कुणी येणं, आणि कुणी जाऊन लगेच कुणी येणं. तिसऱ्यापुढे मी लिहिलं, "हा प्रकार दुसऱ्याप्रमाणेच सिद्ध होतो." मागच्या मसुद्यात सरांनी तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी खोडलं.

सोमवार, १ सप्टेंबर

आयतीच संधी आली. गटातल्या कांताबाई लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस जाफराबादला चालल्या. मी आत्याला फोन करून म्हटलं, त्यांना ॲपच्या गटातून तेवढे दिवस काढून टाक, मला खरीखुरी चाचणी मिळेल. आत्याला ते बरं वाटलं नाही. बाई लेकीकडं चालली अन् आपण तिला काढायचं, हे काय दिसतं का, म्हणाली. मी म्हटलं, हे फक्त फोनमधलं काढणं आहे.

काढलं. किल्ली बदलली. कांताबाईंच्या फोनवर आता निरोप येतील, पण कुलपातले येतील. सगळं बरोबर.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आठ दिवसांत दोनशे चौदा निरोप. बाया भरपूर बोलतात. मला मजकूर दिसत नाही, फक्त आकडे दिसतात, आणि त्यातच प्रयोगाची गंमत आहे. पेपर परिषदेला पाठवून दिला.

बायकोला, साधनाला, आकडे दाखवले. ती जिल्हा न्यायालयात स्टेनो आहे, दिवसभर लोकांच्या जबान्या टाइप करते. तिनं विचारलं की एक बाई गेल्याबरोबर बोलणं एवढं कसं वाढलं. मी म्हटलं, सवय झाली असेल. ती नुसतं हं म्हणाली.

सोमवार, १५ सप्टेंबर

कांताबाई परत आल्या. नात झाली. दुपारी गटात परत घेतलं: चार सेकंद! जेवणाच्या सुट्टीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बर्फी वाटली. लोकांना वाटलं, मुलगी मला झाली.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आत्याचा फोन. आवाज पार बसलेला होता.

कांताबाई नसताना बाकीच्या सहा जणी त्यांच्याविषयी बोलल्या होत्या. त्यांचा मुलगा रामप्रसाद वसंताच्या हाताखाली कामाला आहे. म्हणून कुणीतरी लिहिलं, कांताबाईला यातून बाहेरच ठेवा, तिच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या कुणी आणखी वाईट लिहिलं. तो मजकूर आत्यानं सांगितला नाही. आणि काल कांताबाई शेडनेटच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यातलं एकेक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. म्हणाल्या आणि गेल्या.

मागं जाऊन कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणे मोबाइलवर दिसलं. म्हणजे सांगणारीला वाचवताहेत. मी आत्याला समजावलं की ते गणितानं अशक्य आहे. रविवारी जातो.

रविवार, २१ सप्टेंबर

गेलो. सगळ्या जणी आत्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. कांताबाई आल्या नव्हत्या.

मी त्यांना दोन्ही बाजूंनी पटवून दिलं. गेलेलं माणूस मधलं वाचू शकत नाही. परत आलेलं माणूसही मधलं वाचू शकत नाही. एकोणीस पानांची सिद्धता आहे. म्हणजे बातमी तोंडातूनच गेली.

मग एकेकीनं दुसरीकडं बघायला सुरुवात केली. त्या पंधरा दिवसांत जाफराबादला कोण गेलं होतं? द्वारकाबाई. त्यांचं शेडनेट आत्याच्या शेडनेटला लागून आहे. बाजाराला गेल्या होत्या, बाळाला अंगडं-टोपडं घेऊन कांताबाईंच्या लेकीकडं जाऊन आल्या. त्या म्हणाल्या की बाळाला बघितलं, चहा घेतला, करारांचा शब्द काढला नाही. शेजारची एक जण जरा सरकून बसली. मग द्वारकाबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"सर, तुमचं मशीन चुकू शकतं का?"

मी म्हटलं, "गणित चुकत नाही, बाई. माणसं फुटतात."

वाक्य चांगलं जमलं, असं तेव्हा वाटलं. द्वारकाबाईंनी फोन काढून आत्यापुढं धरला आणि मला यातून काढा म्हणाल्या. आत्यानं काढलं. किल्ली ताबडतोब बदलली, आठ सेकंदांत.

बुधवार, २४ सप्टेंबर

पेपर स्वीकारला गेला. परीक्षकांनी "तिसऱ्या प्रकाराची संक्षिप्तता सुखद आहे" असं म्हटलंय. सरांना फोन केला, आईला फोन केला. आत्याला केला तेव्हा तिनं बरं झालं म्हणून ठेवून दिला. कामात असेल.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आत्या फोन उचलत नाही, उचलला तर दोन शब्द. दसऱ्याला सोनं द्यायला द्वारकाबाई आल्या नाहीत, एवढं तिच्याकडून कळलं. गेल्या बावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं म्हणे. मिरचीचं क्रॉसिंग ऐन भरात आहे आणि दोघींच्या शेडनेटच्या मधे एक तार, एवढंच अंतर.

आज भाजी निवडताना साधनाला सगळं सांगितलं. तिनं मला दोनच प्रश्न विचारले.

"कांताबाई काय म्हणाल्या?"

"मोबाइलवर दिसलं म्हणाल्या."

"मग तुम्ही तो मोबाइल बघितला का?"

मी सिद्धतेबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, कोर्टात एखादी बाई चार वेळा तेच सांगते तेव्हा वकील तिला खोटं पाडायच्या आधी निदान जागा बघून येतो. मला राग आला. मेथीच्या काड्या पानांत टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

रविवार, १२ ऑक्टोबर

कांताबाईंच्या घरी गेलो. रामप्रसाद घरी नव्हता, वसंताबरोबर पारध गावच्या प्लॉटवर गेला होता. बाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, फोन मागितल्यावर पदराला पुसून हातात दिला.

ॲप उघडलं. एक सप्टेंबर, दोन सप्टेंबर, तीन. दोनशे चौदा आणि त्यानंतरचे सगळे. एकही कुलपात नाही. ओळीनं, तारखेसकट, कोणी लिहिलं त्या नावासकट.

मी बराच वेळ वरखाली करत राहिलो. त्या समोर बसल्या होत्या.

"मी आले त्या दिशी दुपारी आपोआप उघडले, भाऊ. मला वाटलं, मुद्दाम दाखवून राह्यल्या. मी वाचावं म्हनून."

"तुम्ही हे सांगितलं होतं?"

"परतेकाला सांगितलं. तुमच्या आत्यालाबी. ती म्हने, आदिनाथ म्हनतो व्हत न्हाई."

चहा गार झाला होता, तसाच प्यायलो. गाडी आज नव्हती, एसटीनं आलो होतो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून वहीच्या मागच्या पानावर मांडलं. भोकरदन यायच्या आत सापडलं. सहा आठवड्यांत न दिसलेलं पंचवीस किलोमीटरमध्ये दिसलं.

फार सोपं आहे. कांताबाई नसताना सहा जणींचं वाटण हीच त्या पंधरा दिवसांची किल्ली होती. त्या परत आल्या तेव्हा आत्याच्या फोननं ते वाटण त्यांच्या हाती दिलं, त्यांची चिमूट घालायला. द्यायच्या आधी आत्याची चिमूट बदलायची असते. माझ्या सवलतीमुळे बदललीच नाही. ताजी होती ना. म्हणजे मी त्यांना नवी किल्ली करायचं सामान म्हणून जुनी किल्लीच दिली. वर आणखी, रेंजअभावी उशिरा येणाऱ्या निरोपांसाठी मीच फोनला शिकवून ठेवलं होतं की जे जे हाती लागेल ते प्रत्येक बंद निरोपाला लावून बघ. त्यानं बघितलं.

कांताबाईंनी काहीच केलं नाही. द्वारकाबाईंनी काहीच केलं नाही. सगळं मी केलं, आणि सिद्ध करून केलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

संभाजीनगरला जाऊन सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचलं. पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हाची आठवण त्यांनी काढली नाही, म्हणून मलाच काढावी लागली.

दोन वाटा आहेत म्हणाले. पेपर छापून येऊ द्यायचा आणि ही गोष्ट प्रबंधात शेवटी "पुढील संशोधनाची दिशा" म्हणून टाकायची. पुष्कळ लोक तसंच करतात. किंवा पेपर मागे घ्यायचा, सिद्धता नव्यानं लिहायची, म्हणजे आणखी एक वर्ष. कॉलेजात बढतीची यादी डिसेंबरमध्ये लागते, हेही त्यांनीच आठवण करून दिलं.

पहिल्या वाटेनं गेलो तर धावड्यात काय सांगायचं? की आमच्या पुढील संशोधनाच्या दिशेनं द्वारकाबाईंना गटातून काढलं?

बसस्टँडवरूनच परिषदेला पेपर मागे घेतो असा मेल केला. पाठवल्यावर हलकं वगैरे वाटेल असं वाटलं होतं. बढतीची यादी आठवत राहिली.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी झाल्यावर आत्याला म्हटलं, सातही जणींना बोलाव. तिनं विचारलं, सातही? मी म्हटलं, द्वारकाबाईंना मी स्वतः जाऊन बोलावतो. त्यांच्या नवऱ्यानं, कारभारींनी, दारातूनच सांगितलं की ती यायची न्हाई. आतून त्या चपला घालून बाहेर आल्या.

शेडनेटमध्ये सगळ्या मिरच्यांच्या ओळींतच बसल्या. मी उभा राहिलो, मग ते बरं दिसेना म्हणून मीही खाली बसलो. सगळं सांगितलं. चिमूट, वाटण, सवलत, पावणेदोन मिनिटं, चार सेकंद. हेही सांगितलं की कांताबाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या आणि द्वारकाबाईंनी मला बरोबर तोच प्रश्न विचारला होता, मी उत्तर चुकीचं दिलं. माफी मागितली. मला वाटलं होतं, आता त्या रडतील किंवा मला शिव्या घालतील.

द्वारकाबाई हातातला चिमटा उघडत-मिटत होत्या.

"सर, तुम्ही चुकले, ते तुम्ही येऊन सांगितलं. बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन मशीन म्हनलं कुनीतरी फुटलं. द्वारका फुटली, असं मशीन न्हाई म्हनलं. ते त्या ओट्यावर ठरलं."

आत्या मान खाली घालून होती.

मग कांताबाई उठल्या. ज्यांच्याविषयी सगळ्यात वाईट लिहिलं गेलं होतं त्या. दोन ओळी ओलांडून द्वारकाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "अंगडं ढगळं झालं व्हतं तुमचं," म्हणाल्या, "आता बराबर व्हईल." आणि मग आत्याकडं वळून, "तुम्ही लिवलं ते मी वाचलं. रामप्रसादला एक शब्द बोलले न्हाई. दीड महिना झाला. पोटात ऱ्हातं का न्हाई, बघा आता."

आत्या रडली. मी पहिल्यांदाच बघितलं. काका वारले तेव्हासुद्धा मी तिथं नव्हतो.

पुढं काय झालं ते मला माहीत नाही, कारण रमाबाईंनी मला सांगितलं की सर, तुम्ही जरा बाहेर बसा. पाऊण तास बाहेर बसलो. आतून आधी मोठे आवाज आले, मग बारीक, मग एकदा हसण्याचा. कोण हसलं ते ओळखता आलं नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

सवलत काढून टाकली. आता कुणीही आलं की आधी चिमूट बदलते, वेळ लागो. नवं ॲप सातही फोनांवर टाकून दिलं. प्रत्येकीला सांगितलं की यात अजून चूक असू शकते, सिद्धता व्हायची आहे. द्वारकाबाई म्हणाल्या, ते आधी सांगितलं असतं तर. नंतर ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ठेचा फार तिखट होता. मुद्दाम होता का, सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रकाराची सिद्धता लिहायला घेतली. पाचवं पान चालू आहे आणि अजून निम्मीही झालेली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

वसंताचा काल साधनाला फोन आला. मला नाही, तिला. तुमच्या घरच्यांनी बायांना काय शिकवलं म्हणून.

हकिगत अशी. काल सकाळी नऊ वाजता सातही जणी एकदम त्याच्या गोदामावर जाऊन उभ्या राहिल्या. रामप्रसाद आत पोती मोजत होता, आईला बघून बाहेर आला. कांताबाईंनी त्याला सांगितलं की तू तुझं काम कर, मी माझं करायला आले. बोलल्या द्वारकाबाई. वसंता आधी हसला, मग सात जणी खाली बसल्यावर हसायचा थांबला, मग त्यानं कंपनीत फोन लावला. पाच करार बायांच्या नावे करायचं कबूल झालं. दोघींचे नवरे अजून अडून बसलेत, त्यातले एक कारभारी. द्वारकाबाई म्हणाल्या आहेत की ते त्या बघून घेतील.

मी खूश होऊन ॲपचे आकडे काढले. प्रबंधाला शेवटचं प्रकरण मिळालं असं वाटलं: गटानं सुरक्षितपणे निर्णय कसा घेतला. दोन नोव्हेंबरपासूनचे निरोप बघितले. शून्य. सर्व्हर बंद पडला असेल म्हणून तपासला. चालू होता. सातही फोन जोडलेले, किल्ली तयार, आणि आठ दिवसांत एक निरोप नाही.

आत्याला फोन लावला. विचारलं, दिवस कुणी ठरवला, वेळ कशी ठरली, कोण बोलणार ते कधी ठरलं, इथं तर काहीच दिसत नाही.

ती कामात होती. म्हणाली, "बोललो की."

सर विचारणार, प्रयोगाचा निष्कर्ष काय. आकडा खरा तोच लिहायचा असं ठरवलंय. कोणत्या प्रकरणात, ते अजून कळत नाही.